सीसी २ चा सीसी ११ पाच मिनिटांत होतो, वेळ लागतो तो फुंकेचा तळ जुळवायला

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही बरीच वर्षं बासरी वाजवता. अलीकडे अकाईचं ईवी यूएसबी, म्हणजे फुंकून वाजवायचा इलेक्ट्रॉनिक विंड कंट्रोलर घेतलात, विंडोजवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरता. वाद्यासोबत आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये फुंक नीट लागते. पण तुमच्या व्हायोलिनच्या सॅम्पल लायब्ररीत (खऱ्या वाद्याच्या नोंदलेल्या स्वरांच्या संचात) कितीही जोरात किंवा हळू फुंकलं तरी आवाज एकाच पातळीवर राहतो. दुसऱ्या एका लायब्ररीत सीसी २ चा सीसी ११ (मिडी, म्हणजे वाद्य आणि संगणक यांच्यातल्या संदेशांच्या भाषेतले कंट्रोलरचे नंबर: २ फुंकेचा, ११ आवाजाच्या चढउताराचा) करून पाहिलात, तर हळू फुंकेला काहीच ऐकू येत नाही आणि मग आवाज एकदम अंगावर येतो. स्मूदिंगचा, म्हणजे आकड्यांच्या उड्या मऊ करणारा एक स्क्रिप्ट लावलात, तेव्हापासून फुंक थांबली तरी मागे बारीक आवाज रेंगाळतो. शेवटी विचारलंय की हे सगळं वाद्यात बदलावं की संगणकावर.

पंधराएक वर्षं मी सॅक्सोफोनबरोबर विंड कंट्रोलर वाजवतोय, आणि घरच्या स्टुडिओत जाहिरातींचं, नाटकांचं पार्श्वसंगीत करतो. या चारही अडचणींतून मी गेलोय. नंबर बदलणं हे यातलं सगळ्यात किरकोळ काम आहे. फुंकेचा सगळ्यात खालचा पंचमांश भाग सॉफ्टवेअरमध्ये कसा उतरतो, यावर तुमचं वाद्य तुमच्या हातात येणार की नाही हे ठरतं. म्हणून उत्तरातला जास्त वेळ मी तिथेच घालवणार आहे.

सुरुवात डोळ्यांनी बघण्यापासून करा. विंडोजवर मिडी-ऑक्स, मॅकवर मिडी मॉनिटर, लिनक्सवर असेकडंप, यातलं जे असेल ते उघडा आणि एकच स्वर फुंका. पडद्यावर साधारण असं दिसेल: १४४, ६९, ८१. मग १७६, २, ९. मग १७६, २, १७. मग १७६, २, २८, आणि हे चालूच राहील. पहिली ओळ म्हणजे पहिल्या चॅनेलवर नोट ऑन, स्वर क्रमांक ६९, व्हेलॉसिटी (स्वर सुरू होतानाचा जोर) ८१. पुढच्या ओळींत १७६ म्हणजे पहिल्या चॅनेलवरचा कंट्रोल चेंज, २ हा कंट्रोलरचा नंबर आणि शेवटचा आकडा म्हणजे त्या क्षणाची तुमची फुंक, ० ते १२७ मध्ये मोजलेली. फुंक थांबली की ती ० वर येते आणि नोट ऑफ जातो. विंड कंट्रोलर म्हणजे मिडीच्या भाषेत एवढंच: एक नोट ऑन आणि तिच्या पाठोपाठ फुंकेची अखंड धार.

तुमच्या मॉनिटरवर १७६, २ ऐवजी १७६, ११ किंवा १७६, ७ दिसलं तर वाद्य वेगळ्या नंबरवर लावलेलं आहे. २०८ आणि त्यानंतर एकच आकडा दिसला तर ते चॅनेल आफ्टरटच (कीबोर्डवर पट्टी दाबून धरल्याच्या जोराचा संदेश) आहे. त्या संदेशात कंट्रोलरचा नंबरच नसतो. त्यामुळे 'नंबर बदला' एवढंच करणारं साधन तिथे चालत नाही, संदेशाचा प्रकार बदलणारं लागतं. हे आधी बघून घेतलं नाही तर माणूस तासभर चुकीच्या जागी शोधत बसतो.

सीसी २ आला कुठून, हे एका वाक्यात. यामाहाच्या १९८३ च्या डीएक्स ७ कीबोर्डला तोंडात धरायचा ब्रेथ कंट्रोलर जोडता येत असे, आणि मिडीच्या यादीत २ हा नंबर त्यासाठीच राखलेला आहे. नाइल स्टाइनर यांच्या रचनेवरचं अकाईचं पहिलं ईवी आणि यामाहाचं डब्ल्यूएक्स ७, दोन्ही १९८७ साली आली. पण सॅम्पल लायब्ररी तयार करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा कीबोर्डवाला असतो, ज्याचा डावा हात मॉड व्हीलवर आहे. म्हणून त्यांच्याकडे जोर ठरतो सीसी १ वर, म्हणजे मॉड व्हीलच्या नंबरवर, आवाजाची चढउतार सीसी ११ वर, आणि सीसी २ कडे अनेकदा कुणी बघतही नाही. तुमचं व्हायोलिन सपाट वाजतंय ते यामुळेच. तुमची फुंक तिथपर्यंत पोहोचतेय, लायब्ररी ती ऐकत नाहीये.

आता नंबर बदलायचा. कोंटॅक्टसारख्या सॅम्पलरमध्ये एखाद्या नॉबवर उजवी क्लिक करून मिडी लर्न करता येतं, म्हणजे तो नॉब येणाऱ्या सीसीला बांधता येतो. तेवढ्यावर भागत असेल तर मध्ये दुसरं काही आणू नका. भागत नसेल तर रीपरमध्ये ट्रॅकवर, वाद्याच्या प्लगइनच्या आधी, सीसीचा नंबर बदलणारं जेएस प्लगइन टाका. रीपरसारख्याच इतर सॉफ्टवेअरपैकी लॉजिकमध्ये मॉडिफायर नावाचं मिडी प्लगइन हेच काम करतं, आणि वक्र (येणाऱ्या आकड्याचा बाहेर कोणता आकडा होतो ती रेषा) हवा असेल तर स्क्रिप्टर आहे. क्युबेसमध्ये इनपुट ट्रान्सफॉर्मर. एबलटन लाइव्हमध्ये जरा जपून: तिथे मिडी मॅपिंगने एखादा सीसी नॉबला बांधलात की तो संदेश मॅपिंगच खाऊन टाकतं, क्लिपमध्ये नोंदला जात नाही. तिथे मॅक्स फॉर लाइव्हचं उपकरण वापरलेलं बरं.

कुठल्या नंबरवर न्यायचं? लायब्ररी जो ऐकते त्यावर, म्हणजे सीसी ११ किंवा सीसी १ वर. सीसी ७ वर नेऊ नका. तो मिक्सरचा व्हॉल्यूम समजला जातो. लॉजिकमध्ये तर फुंकेबरोबर चॅनेलचा फेडरच वरखाली नाचायला लागतो आणि तुम्ही बसवलेलं मिक्स गेलं. सीसी ७ आणि सीसी ११ दोन्हीकडे फुंक नेण्याची चूकही मी पुष्कळ जणांची पाहिली आहे. हे दोन एकमेकांना गुणले जातात, म्हणजे मधल्या फुंकेला आवाज दोनदा कमी होतो. मग 'वाद्यात दम नाही' अशी तक्रार येते.

आता तुमची दुसरी अडचण, हळू फुंकेला शांतता आणि मग अचानक आवाज. उत्तराचा गाभा हाच आहे.

मिडीच्या शिफारशीप्रमाणे व्हॉल्यूमचा (सीसी ७) आणि एक्स्प्रेशनचा (सीसी ११) आकडा सरळ प्रमाणात आवाजात बदलत नाही. आकड्याला १२७ ने भागायचं, त्याचा लॉगॅरिदम घ्यायचा आणि ४० ने गुणायचं, म्हणजे डेसिबल मिळतात. सोप्या भाषेत, आकडा निम्मा झाला की आवाज १२ डेसिबलने खाली. १२७ ला पूर्ण, ६४ ला उणे १२, ३२ ला उणे २४, १६ ला उणे ३६. सगळी सॉफ्टवेअर हे तंतोतंत पाळत नाहीत, पण पुष्कळशी याच्या आसपास असतात. याचा अर्थ असा, की फुंकेचा खालचा चौथा भाग तानपुऱ्याच्या मागे ऐकूच येणार नाही. आणि बासरीवाल्याची सगळी नजाकत तर त्याच चौथ्या भागात असते. स्वर उगवतो तिथे, विरतो तिथे.

दुसरी गोष्ट वाद्याच्या रचनेतली आहे, आणि ती बासरीवरून येणाऱ्याला कुणी सांगत नाही. बासरीत हवा ओठांमधून मोकळी बाहेर जाते. तुमच्या अंगात भिनलाय तो हवेचा प्रवाह. ईवीच्या मुखातून हवा फार थोडी पुढे जाते, आणि आतला सेन्सर प्रवाह मोजत नाही, दाब मोजतो. त्यामुळे तुम्ही सवयीने जी मऊ, भरपूर हवेची फुंक देता, तिचा दाब त्याला नगण्य वाटतो. तुम्ही जरा आवळून फुंकता आणि दाब एकदम चढतो. उपाय तोंडातच आहे: ओठांच्या कोपऱ्यांतून थोडी हवा सुटू द्या. यामुळे दाबावर ताबा येतो, आणि छातीत शिळी हवा कोंडून राहत नाही. आधी आठ दिवस हे करा, मग आकड्यांना हात लावा. नाहीतर आज बसवलेला वक्र महिन्याभरात तुमच्याच बदललेल्या फुंकेला चुकीचा ठरेल.

आता मोजणी. मॉनिटर समोर ठेवून मध्य सप्तकातला सा घ्या, जेवढा हळू स्थिर धरता येईल तेवढा, दहा सेकंद. आकडा कुठे खेळतो ते कागदावर लिहा. मग भर मैफलीत जेवढ्या जोरात वाजवाल तेवढ्या जोरात तोच सा. जिवाच्या आकांताने फुंकू नका, जो जोर तासभर टिकेल तो हवा. माझे आकडे १२ आणि ९८ आले होते. तुमचे वेगळे येतील, आणि तेच वापरायचे. दुसऱ्याच्या फुंकेवर बेतलेला प्रीसेट उतरवून घेण्यात अर्थ नाही, कितीही नावाजलेला वादक असला तरी.

पहिली पायरी म्हणजे ही तुमची पट्टी पूर्ण पट्टीवर ताणायची. आलेल्या आकड्यातून १२ वजा करा, ८६ ने भागा (९८ वजा १२), १२७ ने गुणा. १२ च्या खाली सगळं ०, ९८ च्या वर सगळं १२७. मग ५५ ची फुंक बरोबर मध्यावर, ६४ वर येते. पण एवढ्याने तळ सुटत नाही. २० च्या फुंकेला या हिशेबाने १२ मिळतात, म्हणजे वरच्या नियमाने उणे ४१ डेसिबल. ऐकू न येणारा आवाज.

म्हणून दुसरी पायरी: १२७ ने गुणण्याआधी त्या अपूर्णांकाचा ०.६ वा घात घ्या. आता तीच २० ची फुंक १२ ऐवजी ३१ होते, म्हणजे सुमारे उणे २४ डेसिबल, हळू पण स्पष्ट. ३० ची फुंक २७ ऐवजी ५० होते. ५५ ची ६४ ऐवजी ८४. वर ९८ ला १२७ ते १२७ च. म्हणजे वक्र खाली भरभर उठतो आणि वर आडवा होत जातो. वरचा ४० चा नियम म्हणजे ध्वनीची लहर आकड्याच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणून ०.५ घेतलात तर त्या नियमाशी तो बरोबर कटतो आणि ध्वनीची लहर फुंकेच्या सरळ प्रमाणात वाढते. माझ्या कानाला ०.६ बरा वाटतो, ०.५ ला तळ जरा जास्तच उतावळा होतो. तुम्ही ०.५ आणि ०.७ च्या मध्ये फिरून बघा. परीक्षा अशी: आठ मात्रांत सा शून्यापासून पूर्ण जोरापर्यंत न्या, आठ मात्रांत परत आणा, डोळे मिटून. जिथे आवाज उडी मारतो किंवा अडून बसतो, ती जागा वक्रावर शोधा आणि तेवढीच हलवा.

घाताचा आकडा १ च्या वर नेला, समजा १.६, तर उलटं होतं. तळ जड होतो आणि सगळी हालचाल वरच्या भागात. दाबावर ताबा नसलेल्या नवशिक्याला हे सुखाचं वाटतं, कारण चुकून निघालेली फुंक ऐकू येत नाही. पण आलापीसाठी ते वाद्य मेलेलं असतं. फिल्टर उघडण्यासाठी मात्र मी बरेचदा असाच वक्र वापरतो: सिंथच्या पट्टीत हळू फुंकेला गोल, बंद आवाज आणि शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात धार. एकाच फुंकेला दोन ठिकाणी दोन वेगळे वक्र, यात गैर काही नाही.

हेच तुमच्या व्हायोलिन लायब्ररीचं खरं उत्तर आहे. तिथे सीसी १ म्हणजे आवाजाची पातळी नव्हे. हळू, मध्यम, जोरात अशा वेगवेगळ्या नोंदलेल्या थरांमधून तो एकातून दुसऱ्यात नेतो. सीसी १ शून्यावर आला तरी सगळ्यात हळू थर वाजतच राहतो. कीबोर्डवाल्याला ते चालतं, त्याचं बोट उचललं की स्वर संपतो. फुंकणाऱ्याला मात्र स्वर शून्यातून यायला हवा. म्हणून फुंक दोन ठिकाणी न्या. सीसी १ ला पूर्ण पट्टी, जवळजवळ सरळ रेषेत, कारण थर बनवणाऱ्याने जोराचा हिशेब आधीच केलेला आहे. आणि सीसी ११ ला फक्त तळाचा तुकडा: फुंक ० ते २५ पर्यंत जाईतो सीसी ११ शून्यापासून १२७ पर्यंत उघडायचा, त्यानंतर उघडाच ठेवायचा. सीसी ११ हे दार आणि सीसी १ हा आतला माणूस. ही जोडणी मी पहिल्यांदा केली तेव्हा इतकी वर्षं कपाटात पडून असलेली एक सारंगीसारखी वाजणारी लायब्ररी अचानक जिवंत झाली, आणि त्या संध्याकाळी मी दुसरं काही वाजवलं नाही. २५ हा आकडा मात्र लायब्ररीगणिक हलवावा लागतो. तो फार लहान ठेवलात तर स्वर ठोकर मारून सुरू होतो.

व्हेलॉसिटीकडे दुर्लक्ष करू नका. तुमच्या मॉनिटरवर ती दर स्वराला वेगळी येते, कारण फुंकेच्या पहिल्या क्षणावरून वाद्य ती ठरवतं. काही लायब्ररींत व्हेलॉसिटीवर आघाताचा प्रकार बदलतो, काहींत एका स्वरातून दुसऱ्यात जाण्याचा वेग. मग सलग फुंकेत तान घेताना मधलाच एखादा स्वर टोचतो, आणि आपण वक्राला दोष देत बसतो. वाद्याच्या सेटिंगमध्ये व्हेलॉसिटी कायम करता येत असेल तर ८० च्या आसपास बांधून टाका. नसेल तर संगणकावर तेच करा. फुंकेवर जोर आधीच ठरतोय, दुसऱ्यांदा ठरवायची गरज नाही. मात्र आघाताची ताकद व्हेलॉसिटीवरच बेतलेल्या लायब्ररीत ती मोकळी ठेवून पट्टी आवळा, समजा ६० ते १००.

आता रेंगाळणारा आवाज. तुमचा स्क्रिप्ट मी पाहिला नाही, पण वर्णनावरून दोष ओळखीचा वाटतो. स्मूदिंग बहुतेक असं चालतं: नवा आकडा आला की जुन्याकडून नव्याकडे अर्ध्यापर्यंत जायचं. आता बघा, जुना २० आहे आणि फुंक थांबली म्हणून ० आला. स्क्रिप्टने अर्धं अंतर कापलं, १० बाहेर पाठवला. पुढे? पुढे वाद्याकडून काहीच येत नाही, कारण फुंक शून्यावरच आहे, बदललेली नाही. संदेश आल्याशिवाय हलायचं नाही असा स्क्रिप्ट असेल तर तो १० वर अडकला. नोट ऑफ गेला तरी लांब रिलीज (स्वर सुटल्यावर विरण्याचा काळ) असलेला आवाज १० च्या पातळीवर विरत राहतो, आणि पुढचा स्वरही १० वरून सुरू होतो.

मला हा धडा वाईट प्रसंगी मिळाला. एका नाटकाच्या पार्श्वसंगीतात चार सेकंदांच्या रिलीजचा तंतुवाद्यांचा पॅड फुंकेवर वाजवला होता. हेडफोनवर काही कळलं नाही. मिक्स करताना, जिथे पात्राच्या वाक्याआधी पूर्ण शांतता हवी होती, तिथे प्रत्येक ठिकाणी खालून गुणगुण ऐकू आली. सगळे तुकडे हाताने साफ करण्यात रात्र गेली. तेव्हापासून माझ्या प्रत्येक मॅपिंगमध्ये एक नियम सगळ्यात वर असतो: ० आला की स्मूदिंग न करता, काही न विचारता ० पुढे जाऊ द्यायचा. तुमच्या स्क्रिप्टमध्ये एवढी एक अट घाला. त्याहून चांगलं म्हणजे, संदेशांची वाट न बघता घड्याळावर चालणारं स्मूदिंग.

खरं तर स्मूदिंग लागतं का, हेही बघा. माझ्या पट्टीत ८६ पायऱ्यांच्या १२७ केल्या, त्यामुळे बाहेर काही आकडे उडी मारून येतात, आणि ०.६ च्या वक्राने तळाशी त्या उड्या आणखी मोठ्या होतात. उघड्या सिंथवर ती खरखर ऐकू येते. बहुतेक सॅम्पलर आत स्वतःच थोडं मऊ करतात, तिथे तुमचं स्मूदिंग म्हणजे केवळ उशीर. उशीर झाला की जिभेने तोडलेले जलद स्वर एकमेकांत चिकटतात. आधी स्मूदिंग पूर्ण काढा, खरखर ऐकू आली तरच थोडं परत आणा.

जुन्या पाच पिनांच्या केबलवरून बाहेरच्या सिंथला पाठवत असाल तर आणखी एक हिशेब. ती केबल सेकंदाला ३१,२५० बिट नेते, एका सीसी संदेशाला ३० बिट लागतात, म्हणजे जवळजवळ एक मिलिसेकंद. एका फुंकेचे तीन सीसी केलेत तर प्रत्येक बदलाला तीन मिलिसेकंद, आणि नोट ऑन त्या रांगेत मागे उभा. संगणकाच्या आत हा प्रश्न येत नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न: वाद्यात की संगणकावर? वाद्यात फक्त तळाचा उंबरठा आणि संवेदनशीलता ठेवा, म्हणजे नुसतं तोंडात धरल्यावर स्वर सुटू नये आणि पूर्ण जोरात १२७ ला आधीच आपटू नये. बाकी वक्र, नंबर, विभागणी सगळं संगणकावर, आणि एकाच ठिकाणी. वाद्यात एक वक्र, रीपरमध्ये दुसरा आणि प्लगइनच्या आत तिसरा असं झालं की ते तिन्ही एकमेकांवर चढतात आणि दोष कुठे आहे हे शोधता येत नाही. नवं प्लगइन उघडलं की त्याच्या आतला वक्र सरळ आहे ना, हे मी सगळ्यात आधी बघतो.

आणि कच्ची फुंक रेकॉर्ड करा. रीपरमध्ये हे सोपं आहे: मॅपिंग ट्रॅकच्या नेहमीच्या एफएक्स साखळीत टाकलंत तर रेकॉर्ड होतो तो मूळ सीसी २, आणि वक्र वाजवताना लागतो. इनपुट एफएक्समध्ये टाकलंत तर बदललेले आकडेच कायमचे नोंदले जातात. लॉजिकची मिडी प्लगइन्सही नेहमीच्या वापरात रेकॉर्डिंगच्या नंतर लागतात, क्युबेसचा इनपुट ट्रान्सफॉर्मर आधी. कच्ची फुंक हाताशी असली की तीन महिन्यांनी व्हायोलिनच्या जागी क्लॅरिनेट घ्यावंसं वाटलं तर फक्त वक्र बदलायचा. वाजवलेलं तसंच राहतं. छान लागलेली फुंक पुन्हा मागून मिळत नाही.

बाहेरचा मॅपर वापरायची वेळ आली, म्हणजे बोमचा मिडी ट्रान्सलेटर किंवा प्युअर डेटामध्ये स्वतः जोडलेलं काही, तर विंडोजवर लूपमिडीने एक आभासी पोर्ट करा. मॅकवर आयएसी ड्रायव्हर आधीपासून असतोच. वाद्य मॅपरकडे, मॅपर आभासी पोर्टकडे, आणि रीपर फक्त आभासी पोर्टकडून ऐकेल. रीपरच्या सेटिंगमध्ये वाद्याचा थेट इनपुट बंद करायला विसरू नका, नाहीतर प्रत्येक स्वर दोनदा येतो आणि आवाज पोकळ, नाकातून आल्यासारखा लागतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण बासरीवाले म्हणून दोन गोष्टी सांगतो. बासरीत तार सप्तकात जाताना आपण फुंक आवळतो, कारण सप्तक फुंकेनेच बदलतं. ईवीत सप्तक डाव्या अंगठ्याखालच्या रोलरवर आहे. फुंक आवळायची सवय मात्र जात नाही, आणि तार षड्ज किंचाळतो. सवय मोडायला वर्ष लागतं. तोपर्यंत स्वराच्या उंचीप्रमाणे फुंक थोडी कमी करणारी एक ओळ मॅपिंगमध्ये घाला: तार सा आणि त्यावरच्या स्वरांना फुंकेचा आकडा ०.८५ ने गुणायचा. मी शिकवताना नव्या बासरीवाल्यांना हीच कुबडी देतो आणि सहा महिन्यांनी काढून घेतो.

दुसरी मींडची. बासरीत जोर वाढला की स्वर किंचित चढतो, तो जिवंतपणा आणायला फुंक पिच बेंडवरही नेण्याचा मोह होतो. न्यायची तर अगदी थोडी. बेंडची पट्टी वर-खाली दोन अर्धस्वरांची असेल तर मध्य ८१९२ पासून वर २०० सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग), म्हणजे १० सेंट साधारण ४१० पायऱ्यांचे. त्याच्या पुढे स्वर बेसूर होतो. आणि अंगठ्याच्या पट्टीवरून येणाऱ्या बेंडमध्ये हे मिळवायचं असतं, त्याच्या जागी ठेवायचं नसतं. नाहीतर कोमल गंधारावर आंदोलन घेताना फुंकेचा प्रत्येक नवा आकडा तुमची मींड मध्यावर ओढून आणतो.

आजच्या आज काय करायचं ते सांगतो. स्मूदिंगचा स्क्रिप्ट काढा. मॉनिटरवर तुमचे दोन आकडे काढा. ज्या लायब्ररीत सीसी ११ चालतो तिथे ताणलेली पट्टी आणि ०.६ चा घात लावा, व्हायोलिनवर दार आणि माणूस अशी दोन सीसींची जोडणी. मोजणी मात्र थंड वाद्यावर करू नका, दहा मिनिटं वाजवल्यावर करा. आत वाफ साचली की तळाचा आकडा सरकतो, पावसाळ्यात तर मला उंबरठा १२ वरून १५ वर न्यावा लागतो. तुमचे दोन आकडे आणि लायब्ररीचं नाव कळवलंत तर वक्राचे पुढचे आकडे मी काढून देतो.